टँकरची रंगीत तालीम

सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, नगरसेवक या मंडळींना मोठ्या संकटाची तयारी कशी करायची ते शिकवणं, ही माझी जवळपास सगळ्या आयुष्याची नोकरी. भूकंप, पूर, आग, वायुगळती, म्हणजे जे एका घरावर नाही तर सगळ्या गावावर येतं ते. मी लागले तेव्हा आमच्या शहराला औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. तेव्हा पैठण रोडला जिथं ज्वारी डोलायची तिथं आता सात-सात मजली इमारती आहेत. मला सांगायचंय ते मधल्या दुष्काळाच्या वर्षांबद्दल. त्याआधी चार-पाच वर्षं मी शिकवत होते खरी, पण हे काम मला कळलं ते त्या वर्षांत, आणि कळवलं ते एका निवृत्त एसटी ड्रायव्हरनं.

त्यातल्या एका उन्हाळ्यात पैठण रोड, गंगापूर आणि खुलताबादकडच्या गावांतले तीसेक सरपंच आमच्या केंद्रात तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला आले होते. माझ्याकडे वरून आलेली स्लाइडची फाईल होती. ती सगळ्या राज्याला एकच. पहिल्या दिवशी दुपारी पडद्यावर समुद्राची भलीमोठी लाट उभी होती, डोक्यावरचे पंखे गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होते आणि मी त्सुनामीबद्दल बोलत होते. मागच्या ओळीतून आवाज आला.

"म्याडम, ही लाट पैठणपर्यंत यायला किती टाइम लागंल?"

सगळा हॉल हसला. विचारणारे साठीचे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, भांग एका बाजूला चापून बसवलेला. पैठण रोडवरच्या एका छोट्या गावाचे सरपंच. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले आणि गावानं त्यांना निवडून दिलं. त्यांच्या शेजारचे त्यांना तात्या म्हणत होते, पुढे मीही तेच म्हणायला लागले.

"समुद्र लांब आहे, पण माहिती असलेली बरी," मी म्हणाले.

"माहिती असावीच की. पण सकाळी तुम्ही पूर शिकवला. आता लाट शिकवली. मधी म्हणाल्या, अंगावर तेजाब पडलं तर वीस मिनिटं पाणी ओतायचं. म्याडम, आमच्या विहिरीत बादली बुडंना झालीय. वीस मिनिटं पाणी म्हंजे आमच्या एका घराचं चार दिवसांचं पाणी. कुणी ओतंल का?"

या वेळी कुणी हसलं नाही. तीस जण माझ्याकडं बघत होते. मी पुढची स्लाइड लावली.

चहाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. थोडी रागातच होते. म्हटलं, "तात्या, मग तुमच्या गावात काय घडू शकतं ते तुम्हीच सांगा. मी ते शिकवते."

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "गावात नाय घडणार. रोडवर घडंल. या एक दिवस, दाखवतो."

चार दिवसांनी मी एसटीनं त्यांच्या गावी उतरले. फाट्यावरच्या लिंबाखाली त्यांनी दोन खुर्च्या टाकून ठेवल्या होत्या. आम्ही तिथं दोन तास नुसते रस्ता बघत बसलो. माझ्या आयुष्यातला तो पहिला अभ्यासवर्ग, ज्यात मी विद्यार्थी होते. पाण्याचे टँकर, दुधाचे टँकर, डिझेलचे टँकर, आणि मधूनच चितेगावकडच्या कारखान्यांत जाणारे लांबलचक, चकचकीत टाकीचे. त्यातल्या एकाच्या मागं मला एक चौकोनी पाटी दिसली, कोपऱ्यावर उभी केलेली. मी उठून उभीच राहिले. ती खूण माझ्या पुस्तकात होती, मी तिच्यावर परीक्षा दिली होती, शंभर वेळा पडद्यावर दाखवली होती. रस्त्यावर कधी बघितली नव्हती, कारण बघायला कधी थांबलेच नव्हते.

"तात्या, ती पाटी काय सांगते माहितीय?"

"रंगीत पाटी हाये. नंबर असतो काहीतरी."

"आत काय आहे ते सांगते. ज्योत असली तर पेटणारा माल. हातावर थेंब पडताना दाखवला असला तर अंग जाळणारा. आत्ता गेला तो दुसरा."

तो टँकर वळणाआड जाईपर्यंत तात्या बघत राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं ह्यांच्या मागून गाडी चालवली म्याडम. पन्नास-साठ माणसं घेऊन. शेपटाला नाक लावून."

मग त्यांनी मला त्यांचं ज्ञान दिलं. गावापुढं रस्ता उतरतो आणि लगेच वळतो. टाकी अर्धी भरलेली असली की आतला माल वळणावर बाहेरच्या अंगाला धावतो आणि गाडीला ओढतो. कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा या वळणावर मोटारसायकलींची झुंबड असते. "इथं गाडी उलटणार," ते हात लांब करून म्हणाले, "कधी ते ठाऊक नाय." मी वहीत वळणाचं चित्र काढलं.

ठरलं असं की या गावात टँकर उलटल्याची रंगीत तालीम घ्यायची. आमचे साहेब भले गृहस्थ होते, त्यांनी परवानगी दिली आणि फोटो काढायला स्वतः आले. तेजाबाचा टँकर तालमीला कोण देणार? मग पाण्याचाच एक टँकर वळणावर उभा केला, मागं पुठ्ठ्यावर काढलेली खूण चिकटवली आणि तात्यांनी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, "समजा हा टँकर तेजाबाचा हाये. समजा तो उलटलाय. कुणी जवळ जायचं नाय."

तोवर टँकर आल्याची बातमी गावभर झाली होती. "समजा" हा शब्द कुणी ऐकलाच नाही. गल्लीगल्लीतून बाया निघाल्या, डोक्यावर हंडा, कडेवर कळशी. म्हातारी माणसं तांबे घेऊन आली. टँकरवाल्यानं बिचाऱ्यानं दोन मिनिटं माझ्याकडं बघितलं आणि मग कॉक सोडला. मी कागद हलवत "अहो थांबा, अहो तेजाब" असं ओरडत होते, आणि माझ्या चपला पाण्यात भिजत होत्या. पंधरा-वीस मिनिटांत टाकी कोरडी झाली. एक आजी जाता जाता माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "पोरी, लई पुण्य लागंल. असली तालीम दर आठवड्याला ठेव."

साहेब कॅमेरा हातात धरून उभे होते. तात्या दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग मलाही हसू फुटलं. पण गर्दी पांगल्यावर तात्या गंभीर झाले.

"बरं झालं म्याडम, आज कळलं. खराच उलटला तरी हेच होणार. दोन वर्षं झाली, टँकर म्हणलं की माणूस हंडा घेऊनच घराभाईर पडतं."

"मग थांबवणार कोण? तुम्ही?"

"माझं एसटीतलं पाशिंजर ऐकत नव्हतं. गाव गिरणीवाल्या मावशीचं ऐकतं."

आणि मग मला आठवलं, त्या गोंधळातही बायकांची रांग होती. कुणी कुणाला ढकललं नव्हतं. रांगेच्या तोंडाशी एक पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या, भुवयांवर पिठाची पांढरी धूळ, आणि नुसत्या बोटानं पुढे-मागे दाखवत होत्या. त्या गिरणीवाल्या मावशी. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी त्यांनी एकटीनं चालवली. गिरणीत डबे नंबरानं लागतात, कुणाचाही डबा मधे घुसत नाही. त्याच शिस्तीनं त्या टँकरचे नंबरही लावायच्या.

मी गिरणीत गेले. मी बोलायला लागल्यावर त्यांनी पट्टा थांबवला. सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या.

"वास कसा असतो?"

मी सांगितलं, नाकात शिरल्याबरोबर झोंबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा, आणि कधी कधी पांढरा धूर.

"आन् वारं फिरलं तर?"

इतक्या वर्षांत एकाही अधिकाऱ्यानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी त्यांना बाहेर अंगणात नेलं, मूठभर माती वर उडवून दाखवली. वारं आपल्याकडून धुराकडं जातंय तोवर ठीक. आपण धुराच्या तोंडी असलो तर पुढं पळत सुटायचं नाही, धूर मागं येतोच. वाऱ्याला आडवं चालायचं, धुराच्या बाजूला निघायचं. मावशींनी स्वतः दोनदा माती उडवून बघितली. मग म्हणाल्या, "भोंग्याचं कुणी ऐकणार नाय. लाइटीचा भरवसा नाय. मी रिकामं टिपाड वाजवीन. टिपाड वाजलं की हंडे खाली. एवढंच सांगा सगळ्यांना, लई सांगू नका."

प्रत्येक घरापुढं पाण्याचं लोखंडी टिपाड, म्हणजे पिंप, होतंच. पुढच्या दोन महिन्यांत आम्ही आणखी तीन तालमी घेतल्या, टँकरच्या जागी बैलगाडी उलटी ठेवून. तिसऱ्या वेळी टिपाड वाजल्यावर सगळं गाव जागच्या जागी थांबलं. मावशींनी मान हलवली, गिरणीत गेल्या आणि पट्टा सुरू केला.

पुढच्या वर्षीचा चैत्र. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. मी शहरातल्या नगरसेवकांचा वर्ग घेत होते. फोन थरथरला, तात्यांचा होता. मी बाहेर येऊन घेतला.

"म्याडम, उलटला."

मागं टिपाड वाजत होतं. ठण, ठण, ठण. मी म्हटलं, "तात्या, आधी अग्निशमनला..."

"केला. पोलिसाला केला, अ‍ॅम्ब्युलन्सला केला. तुम्हाला शेवटी केला, राग मानू नका. ठेवतो." आणि फोन बंद.

मी साहेबांची गाडी घेऊन निघाले. महानुभाव आश्रमाचा चौक ओलांडेपर्यंत मी मनातल्या मनात सगळं काही वाईट घडवून पाहिलं होतं. पुढं पोलिसांनी रस्ता अडवला होता, मागं गाड्यांची लांबच लांब रांग. मी उतरून शेतातून चालत गेले. पोचले तेव्हा अग्निशमनची माणसं तोंडाला मुखवटे लावून टाकीपाशी काम करत होती, पांढरा धूर विरळ झाला होता, आणि गाव, सगळं गाव, मारुतीच्या देवळामागच्या माळावर एका बाजूला बसलेलं होतं. हंडे रांगेनं जमिनीवर ठेवलेले.

काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. टँकर त्याच वळणावर आडवा झाला. आवाज ऐकून आठ-दहा जणी हंडे घेऊन निघाल्याच होत्या. मावशी गिरणीतून बाहेर आल्या, धूर बघितला, माती उडवली. वारं पश्चिमेकडून होतं, म्हणजे गावाकडून रस्त्याकडं. त्यांनी टिपाड वाजवलं आणि वाजवतच रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. एक तरणी बाई म्हणाली, "मावशे, पाणी वाहून चाललंय." मावशींनी सांगितलं, "पाणी नाय ते. पाण्याला धूर येतो का?" तेवढ्यानं पाय थांबले.

तात्या फाट्यावर धावले. समोरून पैठणची एसटी येत होती. त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून ती थांबवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी आडवी लाव, मागचं एक बी चाक पुढं येऊ देऊ नको." ड्रायव्हर त्यांच्याच डेपोचा निघाला. त्यानं एक शब्द न विचारता गाडी आडवी लावली.

खरा धोका रस्त्याच्या पलीकडे होता. तिथं वीटभट्टीवरच्या पाच-सहा कुटुंबांची वस्ती होती, धुराच्या नेमकी तोंडी. आमच्या तालमीत आम्ही त्यांना कधी बोलावलंच नव्हतं. ती माणसं मतदार यादीत नव्हती, त्यामुळे माझ्याही यादीत नव्हती. ही चूक माझी, आणि मी ती पुढे प्रत्येक वर्गात सांगत आले. तात्यांना मात्र ती माणसं आठवली. त्यांनी ग्रामपंचायतीच्या शिपायाला मोटारसायकलवर लांबून वळसा घालून पाठवलं. शिपाई धुराला बगल देऊन भट्टीवर पोचला आणि लोकांना ओले फडके तोंडाला लावून, शेतातून आडवं चालवत, उत्तरेच्या बांधापर्यंत घेऊन गेला. दोघातिघांना खोकल्याची उबळ आली, एका बाईचे डोळे सुजले. संध्याकाळपर्यंत तेही दवाखान्यातून परत आले.

राहिला टँकरचा ड्रायव्हर. तो परराज्यातला होता. काच फोडून कसाबसा बाहेर पडला आणि धडपडत गावाच्या बाजूला आला. उजवा हात आणि मांडी तेजाबानं भिजलेली. "पानी, अम्मा, पानी," एवढंच म्हणत होता. मावशींनी त्याला लांबूनच खुणेनं गिरणीच्या ओट्यापर्यंत चालवत आणलं, कपडे कात्रीनं कापायला लावले. आणि आपल्या दारचं भरलेलं टिपाड उघडलं. आदल्या दिवशीच पाण्याची पाळी येऊन गेली होती, पुढचं पाणी दोन दिवसांनी. तांब्या-तांब्यानं त्याच्या हातावर, मांडीवर पाणी ओतायला सुरुवात झाली. तात्या घड्याळ बघत शेजारी उभे. आठव्या मिनिटाला टिपाड संपलं.

हे मला त्या तरण्या बाईनं सांगितलं, जी आधी हंडा घेऊन निघाली होती. ती म्हणाली, "मावशी कुणाला काय बोलल्याच नाय ताई. नुसतं वर बघितलं. मंग मी माझं टिपाड लोटत आणलं. मंग पलीकडच्या आत्याबाईंनी आणलं." तिच्या घरात सात माणसं होती.

वीस मिनिटं पुरी झाली तरी त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ओतणं थांबवलं नाही. गाडीतल्या डॉक्टरांनी हात तपासला आणि म्हणाले, "वेळेत धुतलाय. हात वाचेल." तो वाचला. सहा-सात महिन्यांनी तो ड्रायव्हर ट्रकमधून मुद्दाम फाट्यावर उतरला आणि मावशींच्या पाया पडून गेला, असं मी ऐकलं.

मी गिरणीपुढं गेले तेव्हा अंगणात घोट्याएवढा चिखल झाला होता. त्या गावात वर्षभरात मी चिखल बघितला नव्हता. तात्या ओट्यावर बसलेले होते. पोलिसांनी सहीसाठी दिलेला कागद त्यांनी मांडीवर तसाच ठेवला होता. मला बघून म्हणाले, "म्याडम, मला वाटलं ऐन टायमाला मी सगळं विसरंन." मी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि खूप बरंही वाटत होतं. मावशींनी आत जाऊन चहा ठेवला. पाणी कुणाच्या घरचं होतं कोण जाणे.

घरी आल्यावर मी वडिलांना सगळं सांगितलं. ते तहसील कचेरीत कारकून होते, त्यांचे वडीलही कारकून. मी अधिकारी झाले तरी माझं मराठी त्यांना कच्चंच वाटायचं. ते म्हणाले, "त्या तीन घरांचं पाणी गेलं, त्याचं काय केलंस?" मी काहीच केलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, कागद घेतला आणि जादा टँकरसाठी अर्ज लिहून दिला. दोन पानी, "वरील विषयास अनुसरून" पासून सुरुवात, आणि त्यात त्या तीन टिपाडांचा असा काही उल्लेख की वाचणाऱ्याला नाही म्हणायची सोयच राहू नये. दुसऱ्या दिवशी मी तो स्वतः नेऊन दिला. तिसऱ्या दिवशी गावात जादा टँकर गेला. वडील त्या आठवड्यात फार खुशीत होते. नोकरीत त्यांनी असंख्य अर्ज वाचले, पण लिहिलेला एवढा लवकर मंजूर झाला नव्हता, म्हणायचे.

त्यानंतर मी स्लाइडची फाईल पहिल्या दिवशी उघडणं सोडून दिलं. सरपंच आले की आधी त्यांना त्यांच्या गावाचा नकाशा काढायला लावायची आणि विचारायची, तुमच्या गावात कुणाचं ऐकतात? आणि यादीत नाही असं कोण राहतं? पहिल्या प्रश्नाला क्वचितच कुणी स्वतःचं नाव सांगितलं. दुसऱ्याला मात्र वेळ लागायचा. कधी मेंढपाळ निघायचे, कधी ऊसतोडीचे, कधी कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारे भाडेकरू. तात्या दोन-चार वर्षं पाहुणे म्हणून शिकवायला येत, आणि माझ्यापेक्षा त्यांच्या तासाला झोपणारे कमी असत.

पुढं पाऊसमान सुधारलं, शहर सरकत सरकत त्या गावापर्यंत आलं. आता गिरणी एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात आहे, आणि वरच्या मजल्यांवर बँकेतले, कॉलेजातले, कंपनीतले लोक राहतात. गेल्या वर्षी मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना त्या सोसायटीत तालमीला गेले. चेअरमन निवृत्त प्राध्यापक, अगदी आमच्या नात्यागोत्यातले शोभतील असे, शांत आणि टापटिपीचे. मावशी आता पासष्टीच्या पुढच्या, पण तालीम घ्यायला त्याच पुढं होत्या. त्यांनी चेअरमनसाहेबांना विचारलं, "सर, गॅसचा मेन कॉक कुठं हाये?"

चेअरमन म्हणाले, "वॉचमनला विचारावं लागेल."

"वॉचमन रजेवर असला मंग?"

चेअरमन जिन्याच्या खालच्या पेटीजवळ गेले, पाण्याच्या पंपाची कळ दाबून आले, मग पार्किंगमध्ये गेले. शेवटी मावशींनीच त्यांना इमारतीच्या मागं नेलं. झुडपं वाढली होती. त्यांनी हातानं फांद्या बाजूला केल्या, चेअरमन पँट वर ओढून आत वाकले, आणि पिवळ्या नळीवरचा कॉक त्यांनी पहिल्यांदा हातानं फिरवून बघितला.

"जड आहे हो," ते म्हणाले.

"रोज फिरवत नाय ना कुणी," मावशी म्हणाल्या. "आता सातव्या मजल्यावरच्या आजींना घिऊन खाली या. लिफ्ट नाय वापरायची."

चेअरमननी वर बघितलं, मग माझ्याकडं. मी मान डोलावली. ते जिना चढायला लागले, आणि त्यांच्यामागं सोसायटीतली आणखी चार-पाच माणसं निघाली.